समोरच्या भाऊंची पेटी

आपल्या समोरच्या घरात राहणाऱ्या भाऊंइतका सावध माणूस आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि सावधपणापायी त्यांच्याइतका घोटाळ्यात सापडणाराही दुसरा नसेल. तुम्ही मुलं लहानपणी सुट्टीत यायचात, तेव्हा फाटकातून मोठ्याने ‘जय भीम’ म्हणत आत येणारे उंच, किडकिडीत आजोबा तुम्हाला आठवत असतील, तेच हे. सारी नोकरी त्यांनी तहसील कचेरीच्या दफ्तरखान्यात, जुन्या मिसली, म्हणजे फायली, सांभाळण्यात काढली. त्या मिसली कचेरीतच राहिल्या, पण सांभाळण्याची सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. त्यांच्या स्कूटरची एक किल्ली आपल्याकडे असते आणि एक निर्मल गावी त्यांच्या बहिणीकडे. छताचा पंखा घ्यायचा होता, तेव्हा डबा घेऊन ते दुकानात गेले आणि त्याच पंख्याखाली बसून जेवले. “जेवताना वारं कसं लागते, ते पाहाव लागते ना, वैनी,” असं मला वर समजावलं.

अशा माणसाला हार्ड डिस्क निवडायची वेळ आली. झालं असं की त्यांच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क टकटक आवाज करू लागली, आणि तिच्यावर त्यांच्या बायकोचे धडे होते. ती इथल्या मराठी शाळेत शिक्षिका होती. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा तिने फ्रिजला फळा टेकवला आणि मोबाइलवर चौथीचे धडे तयार केले. भाकरीचे तुकडे करून ती अपूर्णांक शिकवायची, लाटण्याने ठेका धरून पाढे म्हणायची. पुढे दोन वर्षांत ती गेली. मुलगी कॅनडात असते. ती म्हणाली, “बाबा, आईचे धडे मला इथून उघडता येतील असं काहीतरी करा. पोरगी मराठी विसरून चाललीय.” त्यासाठी घरच्या इंटरनेटला जोडायची एक लहानशी पेटी मिळते. तिच्यात दोन डिस्क बसतात आणि दोन्हींवर तेच लिहिलं जातं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी राहते. पेटी लगेच आली. तिच्यात कोणत्या डिस्क घालायच्या, यात मात्र अख्खा पावसाळा गेला.

भाऊंनी प्रत्येक जातीची चौकशी नोकरीच्या उमेदवारासारखी केली. कॉम्प्युटरची साधी डिस्क त्यांनी पहिल्या झटक्यात नापास केली. “हे दिवसा काम करनार अन् संध्याकाळी घरी जानार. आपल्याले ड्यूटीवर झोपनारा नाई पाहिजे.” रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांसाठी मिळते ती डिस्क स्वस्त होती. “ते नुसतं लिहीतच राह्यते. मागचं काढून दाखव म्हटलं का त्याच्या कपाळावर आठ्या.” फिरणारा भागच नसलेली, आवाज न करणारी एसएसडी मी सुचवली, तर म्हणाले, “हुशार हाय, पन मरताना सांगत नाई. जुनी टकटक करून सांगते तरी.” एका जातीत घराच्या कौलांसारखं एकावर एक चढवून लिहिलेलं असतं, एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, हे कळल्यावर तर त्यांनी कानाला हात लावला. कापूस बाजाराजवळचा दुकानदार शेवटी वैतागला. “अंकल, आप को डिस्क लेना है या दामाद ढूँढना है?” भाऊ शांतपणे म्हणाले, “दामाद के टाइम नहीं पूछे, इसलिए अब पूछ रहे.”

अखेर अशा पेट्यांसाठीच बनवलेली, रात्रंदिवस चालणारी डिस्क पसंत पडली. तीही एक इथून आणि एक नागपूरहून घेतली. एका गठ्ठ्यातल्या दोन का नकोत, असं मी विचारलं. “एका दिवशी रुजू झालेले एकाच दिवशी रिटायर होतात, वैनी. मंग दफ्तर कोन सांभाळन?” हे मात्र मला पटलं, आणि मी तुमचे सगळे फोटोही त्या पेटीत ठेवायला दिले.

सगळं जोडून झालं, आणि कॅनडाहून रोज एकच निरोप यायला लागला. “बाबा, उघडत नाही.” इकडे भाऊ दुपारी उघडून बघत, तर सगळं लखलखीत दिसे. त्यांनी दोन्ही डिस्क नागपूरला नेऊन तपासून आणल्या. निरोगी निघाल्या. ते वाळत चालले. “तिकडं लेकरू शाळेत जायच्या आदी वाट पाहून राह्यलं, अन् मी आजीचा एक तास लावू शकत नाई,” असं एकदा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

एका संध्याकाळी कढीपत्ता मागायला मी त्यांच्याकडे गेले होते. पाच वाजले. भाऊ उठले, पेटीजवळ गेले आणि त्यांनी बटण बंद करून वर रुमाल टाकला.

“हे काय करताय, भाऊ?”

“काऊन? पाच वाजले ना. सकाळी साडेदहाले उघडतो.”

“रोज?”

“रविवारी सुट्टी.”

मी खुर्चीतच बसले. त्यांना समजावलं की तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, आणि ही डिस्क तर तुम्ही रात्रंदिवस चालणारी म्हणूनच निवडली. त्यांनी पेटीवरचा रुमाल सारखा केला. “चालते म्हनून चालवाव काय, वैनी? आमच्या मायले बी दिस बुडाल्यावर मालक शेतावरून सोडत होते.”

मी एवढंच म्हटलं, “नात वाट बघतेय, भाऊ.” त्यांनी रुमाल काढून त्याची घडी केली आणि बटण दाबलं.

सहाच्या सुमारास पेटीवरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागला. फोन आला नव्हता, निरोपही नव्हता. भाऊंनी शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडमचा तास सुरू झाला.” बायकोला ते जन्मभर मॅडमच म्हणत.

आता रोज त्या वेळी ते पेटीसमोर खुर्ची घेऊन बसतात, आणि कोणी हाक मारलेली त्यांना चालत नाही. मी एकदा विचारलं, “नुसता दिवा काय बघता? तुम्हीपण लावा की एखादा धडा.”

भाऊंनी दिव्यावरची नजर काढली नाही.

“मले पाढे येतात, वैनी,” ते म्हणाले.