ओ कोणी दिली?

आधीच सांगून टाकते — भूत, पिशाच्च, बाहेरची बाधा, यातलं काहीही मी मानत नाही. कधी मानलं नाही आणि हे टाइप करतानाही मानत नाहीये. आमच्या चिपळूणच्या गल्लीत अमावास्येला कोणी उतरवलेलं लिंबू टाकलं की मुद्दाम त्यावर पाय देऊन पुढे जाणारी मुलगी म्हणजे मी. त्यामुळे "भास झाला असेल ताई" असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवताहेत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा. मग खुशाल लिहा. उत्तर द्यायला मी इथेच आहे.

मी दुबईत मास्टर्स करते. सिलिकॉन ओएसिसमध्ये एका फ्लॅटमध्ये राहते, सोबत एक केरळची मुलगी आणि एक नैरोबीची. म्हणजे घरात मराठीचा म नाही. पण माझी सगळ्यात जवळची मैत्रीण नसीम याच देशात आहे, फुजैराला. नसीम मूळची दाभोळची. रत्नागिरीला कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही एकाच खोलीत राहायचो. तिचा नवरा अल्ताफ तिथल्या पोर्टवर शिपिंगच्या ऑफिसात आहे, आणि मुलगी आयरा पाच वर्षांची. मी इथे आल्यापासून नसीम "वीकेंडला ये, वीकेंडला ये" म्हणून मागे लागली होती. माझ्या असाइनमेंट्स काही संपत नव्हत्या. शेवटी एकदाचं जमलं.

आता हॉस्टेलची एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेसची वेळ झाली की नसीम खाली अंगणात उभी राहून "मंजेऽऽ" अशी हाक मारायची. माझं नाव मंजिरी. मी दुसऱ्या मजल्यावरून ओ द्यायचे, पण नुसती नाही. "ओऽऽ… मेले नाही अजून." अख्ख्या हॉस्टेलला ऐकू जाईल अशी. नसीमला ते अजिबात खपायचं नाही. "तोबा कर गो, अभद्र बोलू नको," म्हणून ती कानाला हात लावायची, आणि ती चिडते म्हणून मी आणखी जोरात म्हणायचे. कॉलेज संपलं, तिचं लग्न झालं, ते बोलणं सुटलंच. आणि दुबईत तर कोणी हाकच मारत नाही. मेसेज येतो, आपण अंगठा पाठवतो. ओ द्यायची कुणाला? खोटं कशाला बोलू, मला त्याचं कधीकधी फार वाईट वाटायचं.

तर त्या आठवड्यात आमची प्रेझेंटेशन्स होती. एसीची थंडी, सर्दी, त्यात दिवसभर बडबड. शुक्रवारी सकाळी उठले तर आवाज खलास. बसलेला वगैरे नाही — गेलेला. तोंड उघडलं की नुसती हवा. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी आत बघून सांगितलं, बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर कायमचं नुकसान करून घ्याल. हा भाग नीट लक्षात ठेवा, कारण सगळ्यांना नेमका याचाच विसर पडतो.

तशीच बसमध्ये बसून फुजैराला गेले. नसीमने दार उघडलं, मी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली, आणि ती बया हसून हसून सोफ्यावर पडली. म्हणे, हॉस्टेलवर एवढे नवस केले तेव्हा गप्प बसली नाहीस, आणि आता इतक्या वर्षांनी भेटतोय तर ही अशी. अल्ताफ म्हणाला की दोन दिवस घरात जरा शांतता मिळेल, इन्शाल्ला. मी फोनवर शिव्या टाइप करून दाखवल्या. आयराला तर या मुक्या खालाचा, म्हणजे मावशीचा, खेळच मिळाला. मी खाणाखुणा करायचे आणि ती "खाला, डू यू वॉन्ट वॉटर? खाला, डू यू वॉन्ट पिलो?" असं ओळखत बसायची. थोडक्यात, त्या घरात पाऊल ठेवल्यापासून माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. निघूच शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगरात गेलो. कोरड्या नदीचं पात्र असतं तिकडे, इथे त्याला वादी म्हणतात. गोटेच गोटे, मध्येच एखादं डबकं, दोन्ही बाजूंना तपकिरी कडे. निघताना अल्ताफने पावसाचे अलर्ट बघितले होते, काही नव्हतं. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. गाडी त्याने वर काठावरच्या कच्च्या रस्त्यावर लावली. खाली पात्रात एका झाडाखाली नसीमने चटई टाकली, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीच्या सुक्याचा डबा ठेवला. आयरा शेजारच्या डबक्यात बादली घेऊन बसली. तेवढ्यात अल्ताफला ऑफिसचा फोन आला आणि तो रेंज शोधत वरच्या रस्त्याने लांब गेला.

मी समोरच्या बाजूला फिरायला गेले. पात्र ओलांडून, एका वळणापलीकडे, चांगल्या उंच खडकावर चढून बसले. तिथून झाड दिसत नव्हतं, मध्ये कडा येत होता. गाडी माझ्या अगदी समोर, पलीकडच्या काठावर होती. म्हणजे नसीमच्या एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला मी. बूट काढून पाय मोकळे सोडले होते. फार बरं वाटत होतं.

मग हाक आली. "मंजेऽऽ… जेवायला ये गो."

तशीच. हॉस्टेलच्या अंगणातली. माझ्या घशाशी ओ आली आणि तिथेच अडकली. मी टाळ्या वाजवल्या, त्या कुणाला ऐकू जाणार. जाऊ दे, म्हणून बूट घालायला घेतले. आत खडे गेले होते, ते झटकत बसले.

आणि आवाज आला. आधी वाटलं वरच्या रस्त्याने ट्रक येतोय. मग वळणावरून पाणी आलं. पाणी कसलं, चिखलच तो, झाडाच्या फांद्या आणि गोटे घेऊन. आम्ही होतो तिथे पावसाचा थेंब नव्हता. पडला तो पार डोंगरापलीकडे. मी जिथून चालत आले होते ती जागा डोळ्यांदेखत बुडाली. त्यातून आमची चटई वाहत गेली. मग आयराची लाल बादली.

मी किंचाळले. म्हणजे तोंड उघडलं, सगळा जीव घशात आणला… आणि आवाज नाही. काही म्हणजे काहीच नाही. नसीमचं नावसुद्धा घेता येईना. मी त्या खडकावर बसून स्वतःच्या गळ्यावर बुक्क्या मारत होते. दोघी गेल्या असंच मला वाटलं. त्या वेळी काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. समोर वर, गाडीजवळ, नसीमची केशरी ओढणी दिसली. कडेवर आयरा. मग अल्ताफ धावत येताना दिसला. मी दोन्ही हात वर करून नुसते हलवत राहिले.

पाणी उतरून मला पलीकडे नेईपर्यंत दुपार कलली होती. मला वाटलं नसीम मिठी मारेल. तिने आधी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, "वरून ओरडत होतीस, मग पलीकडे कशी पोचलीस?"

मला कळेना. ती सांगत होती ते असं — तिने हाक मारली, आणि मी ओ दिली. खडकाकडून नाही, बरोबर उलट्या बाजूने, वर गाडीच्या दिशेने. माझाच आवाज, खणखणीत. तिला राग आला की डॉक्टरने बजावलेलं असताना ही घसा फाडून ओरडते काय. म्हणून मला झापायला ती वर निघाली. आयरा डबक्यातून उठायला तयार नव्हती, रडत होती, तिला काखोटीला मारून नेली. वर पोचली तर कोणी नाही. गाडीमागे बघितलं, गाडीखाली बघितलं. आणि मागे वळली तेव्हा झाड पाण्यात होतं.

अल्ताफ म्हणाला, इको असेल. मी फोनवर टाइप केलं — कशाचा इको? आवाज असेल तर इको होईल ना.

मग त्याने दुसरं काढलं. नसीमला सवय आहे, हाक मारली की ओ येणार, म्हणून तिला ऐकू आल्यासारखं वाटलं. हे मलाही पटत होतं, खरंच सांगते. मी मान डोलवतच होते. तेवढ्यात मागच्या सीटवरून टॉवेलात गुंडाळलेली आयरा म्हणाली, "ममा, व्हॉट्स मेले?"

नसीमने हळूच विचारलं की हे कुठे ऐकलंस. तर म्हणे, "मंजूखाला सेड इट. अप देअर. ओऽऽ… मेले नाई अजून."

ओ लांबवून, मध्ये थांबून. हुबेहूब. त्या पोरीच्या जन्माच्या आधीच माझं ते बोलणं सुटलेलं होतं. नसीमच्या तोंडून ते अभद्र कधी निघणं शक्य नाही. अल्ताफला तर ही गोष्टच माहीत नव्हती. मी नसीमकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती, आणि मग आम्ही दोघी जे रडलो… माझं रडणंही बिनआवाजाचं.

हे सांगितल्यापासून ज्याला त्याला स्पष्टीकरण सुचतंय. नसीमची सासू म्हणते, पीरबाबांनी हाक ऐकली. माझी आत्या म्हणते, डोंगरातलं काहीतरी माणसाच्या आवाजाची नक्कल करतं, शांती करून घे. माझ्या क्लासमधला एक हुशार मुलगा म्हणतो, भीतीने तुझा आवाज क्षणभर परत आला असेल आणि तुला आठवत नसेल. अरे हबीबी, हाक आली तेव्हा भीती होती कुठे? मी बुटातले खडे काढत होते. आणि पीरबाबा म्हणा, डोंगरातलं काहीतरी म्हणा, जे कोणी होतं ते जीव वाचवायला आलं असेल तर त्याला माझंच फालतू वाक्य मिळालं? एखादं सरळ "पाणी येतंय, पळा" म्हणायला काय झालं होतं?

पण तेही खरं की "पळा" ऐकून नसीम आधी डबे गोळा करत बसली असती. माझ्या त्या वाक्याने ती चिडून, सगळं टाकून, पोरीला उचलून तडक निघाली. तिला कशाने हलवायचं ते ज्याने कुणी ओ दिली त्याला नीट माहीत होतं.

शांती वगैरे मी करणार नाही. भुतावर विश्वासही ठेवणार नाही, त्या एका ओवरून तर नाहीच. मात्र तिला भास म्हणायलाही मी तयार नाही, कारण दोन माणसं त्यावर जिवंत आहेत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर द्या, पण आयराच्या प्रश्नासकट द्या.

माझा आवाज पुढच्या आठवड्यात परत आला. तेव्हापासून नसीम फोन करते तेव्हा हॅलो म्हणत नाही. नुसती हाक मारते, "मंजेऽऽ", आणि थांबते. मीही सगळं म्हणते, एक अक्षर न गाळता — ओऽऽ… मेले नाही अजून. आता ती तोबा कर म्हणत नाही. पूर्ण ऐकून घेते, एक श्वास सोडते, आणि मग म्हणते, "हां. आता बोल."