आबांनी वाचलेला दुसरा भाग

पुस्तक कुठलंही असो, आबा ते आधी कपाळाला लावत. मग टोपी सारखी करून विचारत, "ऐकताय न्हवं?" आणि "ऐकतूय की!" असा गलका झाल्याशिवाय पहिली ओळ वाचत नसत.

कुंडलजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. वाचनालयाची किल्लीही माझ्याकडेच असे. आबा पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, उसाचे बागायतदार. दुपार कलली की वाचनालयाच्या कट्ट्यावर बसून ते मोठ्याने वाचत आणि सगळी आळी ऐकायला येई. तुम्हीही असे वाचणारे पाहिले असतील, पण कादंबरी पोथीच्या शिस्तीत वाचणारा पाहिला नसेल. मधेच उठायचं नाही, पाय पसरायचे नाहीत. आणि वाईट प्रसंगावर वाचन थांबवायचं नाही. कुणी मेलं तर पुढे काहीतरी चांगलं घडेपर्यंत वाचायचं, मगच पुस्तक मिटायचं.

त्या वेळी आमच्याकडे यादवकाळातली एक कादंबरी फार चालली होती. तोंडातून जाळ काढणाऱ्या उडत्या नागांवर बसून लढणाऱ्या शिलेदारांची. असले नाग इतिहासात कुठे होते, असं मी एकदा विचारून पाहिलं.

"मास्तर, तुमी हुता का तवा?" आबा म्हणाले.

पहिला भाग वाचला तेव्हा आबांचा मुलगा पलटणीतून रजेवर आला होता. त्यातला तरणा शिलेदार म्हणजे हाच, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. त्याची बायको लाजून पदरात तोंड लपवायची.

दुसरा भाग मी सांगलीहून आणला तेव्हा पासष्टची लढाई पेटली होती. मुलगा सरहद्दीवर, पत्र येणं बंद. रेडिओवर बातम्या लागल्या की आबा उगाच चपला शोधायला उठत. पोस्टमन रस्त्याने गेला की सगळे सुनेकडे बघत, आणि ती जमिनीकडे.

मी तो भाग एस.टी.तच वाचून काढला होता. निम्म्यावर तो तरणा शिलेदार मरतो.

"आबा, हे राहू द्या, दुसरं काही वाचू."

"का वो? लोकं कवाची वाट बघत्यात!"

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

शेवटी पुस्तकातली ती लढाई आलीच. शत्रूने भाला फेकला आणि आबा थांबले. बोट ओळीवर तसंच राहिलं. ऊन उतरलं होतं, पुस्तक मिटायची वेळ झाली होती, आणि पुढे पानंच्या पानं नुसती रडारड होती. सून भिंतीला टेकलेली, ती ताठ झाली.

"ऐकताय न्हवं?" आबांनी विचारलं. सगळे सुनेकडे बघत होते.

मग ते वाचू लागले. भाला चिलखतात अडकला. नागाने शिलेदाराला पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यावर उतरवलं, तिथल्या म्हातारीने त्याला दूधभाकरी दिली. यातलं एक अक्षर छापलेलं नव्हतं. मग आबांनी पुस्तक मिटलं.

आता पंचाईत अशी, की पुस्तकात मेलेला माणूस आबांना उरलेल्या निम्म्या पुस्तकभर जगवायचा होता. सकाळी शाळेच्या वाटेवर ते मला गाठत. "मास्तर, आज त्याला कुठं न्यायचा वो?" आम्ही दोघं त्याला कधी नदीपार लपवत असू, कधी किल्ल्यात. तेवढी धास्ती मला परीक्षेतसुद्धा वाटली नव्हती. एकदा मी सुचवलं, लोकांना खरं वाटावं म्हणून जरा जखमी करू.

"न्हाई!" आबा ओरडले. "खरचटायचं सुदिक न्हाई."

लढाई थांबली आणि मुलगा आला. काठी टेकत, पण आपल्या पायांनी. त्या दिवशी आबांनी वाचलं नाही, कट्ट्यावर बसून नुसता गूळ वाटला. मी घरी जाऊन रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे आबा गेले. कट्टा बरेच दिवस ओस होता. मग एका दुपारी मुलगाच तो दुसरा भाग घेऊन बसला. सवयीने माणसं जमली. वाचत वाचत काही दिवसांनी तो भाल्यापाशी आला आणि जे छापलं होतं ते त्याने सरळ वाचलं.

"आवं, तसं न्हाई ते," मागून त्याची बायको म्हणाली.

"अगं, हितं छापलंय."

"छापलं असंल. मामंजींनी तसं वाचलं न्हवतं."

"व्हय, व्हय," सगळा कट्टा म्हणाला. एका म्हाताऱ्याने तर पुस्तकच खोटं ठरवलं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

"मग काय झालं त्याचं?" त्याने बायकोला विचारलं.

ती पुढे सरकून बसली आणि भाला चिलखतात अडकला तिथून सांगू लागली. छापील पानावर बोट ठेवून, मान खाली घालून, तो आपण कसे वाचलो ते ऐकत राहिला.