गोल कुणी मारला?

तीस वर्षं सांगली-साताऱ्याच्या मैदानांवर बातमीदारी केली. छापून आलं ते रद्दीत गेलं. डेस्कनं कापलं ते मात्र माझ्याकडं अजून शिल्लक आहे. जुने दोन सहकारी चहाला भेटले की त्यातलंच काहीतरी निघतं, आणि बहुतेक वेळा ते अंकुशचं असतं. साहजिक आहे. आमच्या पेपरनं सगळ्यात जास्त कापलेला माणूस तोच!

अंकुश पलूसचा. बारा वर्षं गोव्यात आणि कोलकात्यात व्यावसायिक फुटबॉल खेळला. मिडफिल्डर. मागच्यांकडून बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा. उभ्या कारकिर्दीत गोल सात.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मिरजेच्या मैदानावर. विशीतला पोरगा. तीन जणांच्या मधून त्यानं असा पास काढला की शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातातले शेंगदाणे सांडले. बॉल गोलात गेला, सगळी टीम गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडली. आणि हा? गोल व्हायच्या आधीच पाठ फिरवून आपल्या जागेवर निघाला होता.

मॅच संपल्यावर विचारलं, "अरे, बघायचं तरी, गोल झाला का नाही!"

"आवं सर, बॉल गेला न्हवं? आता तिकडं माझं काय काम?"

*

त्या पासवर मी एक झकास परिच्छेद लिहिला. सकाळी पेपर उघडला तर परिच्छेद गायब! तणतणत डेस्कवर गेलो. आमचे उपसंपादक थंडपणे म्हणाले, "गोल कुणी मारला? त्याचं नाव आहे ना? मग झालं."

त्याच पानावर कुस्तीच्या मैदानाची बातमी होती, चार कॉलम. कुस्ती कुणी मारली, फेटा कुणी बांधला, नारळ कुणी फोडला, सगळी नावं!

मी म्हणालो, "नारळ फोडणाऱ्याचं नाव छापता, आणि पास देणाऱ्याचं नाही?"

"पास देणारा जाहिरात देतो का?"

या वाक्यावर मी राजीनामा लिहिला होता. तोही डेस्कनं छापला नाही!

*

पण याची खरी झळ बसली अंकुशला. त्याचे वडील आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस बघणारे. पेपरात छापलेलं ते खरं, असं मानणाऱ्या पिढीतले. एकदा त्यांचा थेट ऑफिसात फोन.

"पोरगं म्हणतंय मी खेळलो. तुमच्या पेपरात त्याचं नाव न्हाई. दोघांतलं एक खोटं बोलतंय. कोण ते सांगा!"

"आबा, पेपर खोटं बोलतोय."

आबा म्हणाले, "मग तुमी तिथं काय करता?"



अंकुश सुट्टीला आला की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गोल कुणी मारला?" तो दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगायचा. "आणि तू काय केलंस?" यावर तो खोरं घेऊन उसात निघायचा. एकदा मला म्हणाला, "सर, गोव्यात वीस हजार माणसं वरडत्यात. मला त्याचं काय न्हाई. आबांनी एक मॅच येऊन बघावी, बास."

आबा येत नव्हते. टीव्हीसमोर एकदा मॅच बघायला बसले आणि दहा मिनिटांत उठले. "ह्यो बॉल देतोय, आणि क्यामेरा बॉलच्या मागं पळतोय. पोरगं कुटं दिसतंय?"

लोक म्हातारा आडमुठा म्हणायचे. मी म्हणतो, देशातल्या फुटबॉल कव्हरेजवर इतकी नेमकी टीका कुणी केली नाही!

*

लग्नाच्या बैठकीतही तेच. मुलगी उंब्रजची. तिच्या मामांनी विचारलं, "गोल किती?"

"सात," अंकुश म्हणाला.

"ह्या वर्षात?"

"न्हाई. आतापतोर."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. बैठक मोडल्यातच जमा होती. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "मामा, मी शाळेत व्हॉलीबॉल खेळायची. मारणाऱ्या पोरी वेगळ्या हुत्या. मी बॉल उचलून द्यायची. ह्यांचं काम मला कळतंय."

कळणारं एक माणूस तरी घरात आलं!

*

एकदा मुलाखतीसाठी पलूसला गेलो तर अंकुश उसाला पाणी पाजत होता. आबा वर बांधावर, पाण्याच्या मोटारीजवळ. तिच्या आवाजात हाक पोचायची नाही, म्हणून बापलेकांच्या खुणा ठरलेल्या. आबांनी खोरं आपल्या डावीकडं उचललं की अंकुशनं त्याच बाजूच्या सरीचं दार, म्हणजे तोंडावरची माती, मोडून पाणी तिकडं वळवायचं. उजवीकडं उचललं की उजवीकडं. सरी शेवटपर्यंत भरली की खोरं खाली. "लहानपणापास्नं असंच," अंकुश म्हणाला. मान वर न करता त्याला खोरं दिसायचं.

मी अर्धं पान लिहिलं. छापून आली एक फोटोओळ, 'शेतात रमला फुटबॉलपटू'. फोटोत खोरं आलं, आबा कापले गेले!

*

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यानं दगा दिला आणि अंकुशनं निवृत्ती घेतली. त्याच्या जुन्या क्लबनं मिरजेत निरोपाची मॅच ठेवली. सूनबाईंनी काय जादू केली कोण जाणे, आबा आले. फेटा, कडक इस्त्रीचं धोतर, हातात मिटलेली काळी छत्री. माझ्याच शेजारी बसले. सगळे बॉलकडं बघत होते. आबा फक्त अंकुशकडं.

शेवटची पाच मिनिटं. एक-एक बरोबरी. मधोमध बॉल अंकुशकडं आला. त्याचं तोंड आमच्याकडं, गोलकडं पाठ. आमच्या उजव्या बाजूला टीमचा नामांकित फॉरवर्ड हात वर करून उभा. सगळं मैदान ओरडतंय, "उजवीकडं! उजवीकडं दे गड्या!"

आणि आबा ताडकन उठले. छत्री डोक्यावर उचलली, डावीकडं! माझा चष्मा उडाला.

चष्मा सापडेपर्यंत गर्जना झाली होती. डावीकडं एकट्याच उभ्या असलेल्या पोरानं अंकुशच्या पासवर गोल मारला होता. टीमनं त्याला खांद्यावर घेतलं. अंकुश नेहमीप्रमाणं पाठ फिरवून निघाला. चार पावलं गेला आणि थांबला. आमच्याकडं बघत राहिला.

आबांनी छत्री हळूच खाली घेतली.

गर्दीत माझी वही पडली होती, आणि बातमीला त्या पोराचं नाव हवं होतं. घाईघाईनं विचारलं, "आबा, गोल कुणी मारला?"

"कुणी का मारंना," आबा म्हणाले. "पानी आमी बापलेकानं वळवलं."