रंभाबाईचे तीन दगड

चंद्रव्वा तिच्या भाकरीसारखीच कडक, असं आमची सगळी गल्ली म्हणायची. अर्थात तिच्या माघारी. पहाटे अंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातल्या लिंगाची पूजा, आणि मगच चुलीत जाळ. गिरणीच्या पाळीला जाणारी माणसं तिच्याकडून ज्वारीच्या कडक भाकरी बांधून न्यायची. थापायला शेजारची रंभाबाई आणि भाजायला चंद्रव्वा. दोघी विधवा. रंभाबाई वैरागकडची, मराठ्याची. सरपण वाचावं म्हणून दोघींनी चूल एकच ठेवली होती.

भांडण एवढंच, की रविवारी रंभाबाईला मटण लागायचं. चंद्रव्वाच्या चुलीवर ते शिजणं शक्यच नव्हतं, म्हणून रंभाबाईनं मागच्या बोळात तीन दगड मांडले होते. वास सुटला की चंद्रव्वा धाडकन दार लावून घ्यायची. "उचल ते दगड, न्हायतर मी फेकायला लावते!" हे मी दहा वर्षं ऐकलं. स्वतः फेकायची सोय नव्हती, कारण त्या दगडांना ती पदराचं टोकही लागू देत नसे.

चौऱ्याहत्तर साली गल्ली पाडायचं ठरलं. रस्ता रुंद होणार होता, दुकानांची इमारत उठणार होती, आणि आम्हाला गावाबाहेर माळावर घरटी एक जागा मिळणार होती. मोजणीच्या कारकुनानं चंद्रव्वाच्या दारात विचारलं, "चुली किती?"

"एकच!" चंद्रव्वा मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "दोगी एकाच चुलीवर करतो. सख्ख्या बहिणीच हाव की आमी."

काय चुकलं ते यादी लागल्यावर कळलं. एक चूल म्हणजे एक घर. जागा चंद्रव्वाच्या नावावर, आणि रंभाबाई तिच्या घरातलं माणूस. रंभाबाई यादीसमोर मटकन बसली. "अक्का, तू हायस तवर ठीक हाय. उद्या तुजा पुतण्या आला तर मी कुटं जाऊ? वैरागला तरी कोन हाय माजं?"

त्या दिवशी चंद्रव्वाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. मिरवायला गेली आणि मैत्रिणीचं घर घालवून बसली. मला तिचा रागही आला होता, खोटं कशाला बोलू?

फेरतपासणीला साहेब येणार, असं कळलं. आदल्या दिवशी रंभाबाईच्या खोलीत नवी चूल घालावी, हा सल्ला माझाच. चंद्रव्वानं मला झाडलं. "लिंग हाय गळ्यात. खोटं दाखवू व्हय?"

साहेब आले तसं तिनं त्यांना थेट मागच्या बोळात नेलं आणि दगडांकडे हात केला. "ही दुसरी चूल. रंभाची."

"बाई, हे नुसते दगड आहेत."

"मटण शिजतंय की ह्याच्यावर, दर ऐतवारी! मी लिंगायत. माज्या चुलीवर चालंल का, सांगा? मग आमचं घर एक कसं? दहा वर्सं भांडतोय आमी ह्या दगडांपायी. इच्चारा गल्लीला!"

गल्ली कशाला मागे राहते! सगळे एकदम "व्हय, व्हय" करून ओरडले, मी सगळ्यांत मोठ्यानं. साहेबांनी वाकून एका दगडावरून बोट फिरवलं. जुनी काजळी, थरावर थर, वर तेलाचा चिकटा. त्यांना हसू आवरेना. तिथंच उभ्यानं त्यांनी रंभाबाईचं घर वेगळं लिहून घेतलं.

निघायच्या दिवशी हातगाडे भरत होतो. रंभाबाई म्हणाली, "दगड ऱ्हाऊ दे अक्का. माळावर दगडांना काय तोटा?" चंद्रव्वानं ऐकलं नाही. पदर खोचून बोळात गेली आणि तिन्ही दगड एकेक करून, आपल्या हातांनी उचलून आणले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

माळावर दोघींच्या जागा शेजारी शेजारी आल्या. भाकरी अजून एकाच चुलीवर होतात. रविवारी वास सुटला की चंद्रव्वा ओरडते, तेही सुटलेलं नाही. पण आता म्हणते, "रंभा, दगड जरा पलीकडं सरकव की!"