येळवशीचं भगुनं

ये, अशी जवळ बस. तिकडं पुण्यात खुर्चीवर बसून हे वाचत असशील तरी जरा पुढं सरक, म्हणजे मला बोलल्यासारखं वाटेल. आणि तो फोन पालथा ठेव. मागच्या आठवड्यात त्याच फोनवर तू काय म्हणालीस ते मी विसरले नाही. "आजी, नवीन घराच्या हॉलमध्ये ठेवायला तुझ्याकडचं काहीतरी जुनं दे ना. पितळेचं वगैरे." वगैरे म्हणे. येळवशीला ये म्हटलं तर तुला सुट्टी नव्हती. नाताळच्या सुट्टीत समुद्रावर जायला होती, शेतात यायला नव्हती. आणि आता जुनं पाहिजे. आजीही जुनीच आहे की गं, तिला ठेवतेस का हॉलमध्ये?

आता खरं सांगते, आमच्या भागात प्रत्येक घरात एक तरी वस्तू निजामाच्या काळातली असते. जरा खोदून विचारलं की कळतं, ती लातूरच्या जत्रेतून आणलेली आहे. आपल्या घरात भिंतीवरचं घड्याळ आहे, त्यात कायम पावणेचार वाजलेले असतात, तरी तुझे आजोबा दर रविवारी त्याला पुसतात आणि आल्यागेल्याला सांगतात की असलं मशीन आता मिळत नाही. बरंच आहे की मिळत नाही. एक अडकित्ता आहे, तो तीन घरांत तीन आहे आणि तिघंही म्हणतात पणजोबांचा खरा अडकित्ता आमचाच. पणजोबा सुपारी खात नव्हते, हे मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं आहे.

खरी जुनी वस्तू एकच. सासूबाईंचं पितळी भगुनं. भगुनं म्हणजे पातेलंच, पण पातेलं म्हटलं की दूध तापवायचं डोळ्यापुढं येतं. हे एवढं आहे की तू दोन वर्षांची असताना त्यात बसून अंघोळ केलीस आणि बाहेर यायला तयार नव्हतीस. काठावर ठोके मारून सासूबाईंचं नाव घातलंय. सातबाऱ्यावर सगळी नावं बाप्यांची. बाईचं नाव कुठं असेल तर ते भांड्यावर. म्हणून त्या भांड्यावर माझा जीव.

आणि त्याचं काम ठरलेलं. येळवस. तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना सांग, अमावस्येला कुणी सण करतं का म्हणून नाक मुरडू नका, आम्ही करतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरचे रस्ते ओस पडतात, सगळं गाव आपापल्या शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि भज्जीचा नैवेद्य. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. ओली तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, चुका, पातीचा लसूण, सगळं एकत्र शिजवून, डाळीचं पीठ लावून, वरून चिंचेचा कोळ. चाळीस माणसांची भज्जी त्या एका भगुन्यात बसायची.

सासूबाई गेल्या आणि तेराव्याच्या दिवशी तुझी नांदेडची आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, म्हणाली, "अक्का, तुमच्या निलंग्याच्या घरात धूर लई. भगुनं खराब व्हायलंय. मी नीट ठिवते." मी रडण्यात गुंतले होते, तिनं ते गाडीत घातलं. नऊ वर्षं तिनं नीट ठेवलं, त्यात शंका नाही. टीव्हीखाली ठेवलं, आत प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली. मी नांदेडला गेले की चहा पिताना समोर ती सूर्यफुलं. आणि इकडं मी दर येळवशीला भज्जी करायची जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातेल्यांत, एकात तूर जास्त, दुसऱ्यात हरभरा जास्त, आणि जेवणारे विचारणार, दोन भाज्या का केल्या.

यंदा तुझ्या नांदेडच्या आजोबांना आईच्या हातच्या येळवशीची आठवण झाली. मी म्हटलं, येळवस आईसारखी पाहिजे तर भगुनं आईचं पाहिजे. जाऊ फोनवर म्हणाली, "आणते, पण चुलीवर ठिवू नका."

"मग काय देव्हाऱ्यात ठिवू?"

आली. भगुनं गाडीत पुढच्या सीटवर, दुलईत गुंडाळून, वरून पट्टा लावलेला. माझा दीर मागं, पिशव्यांमध्ये. दुलई काढली तर डोळे दिपले. नांदेडात कुण्या पॉलिशवाल्याकडून तिनं ते मशीनवर घासून आणलं होतं, आतून बाहेरून सोन्यासारखं. पोरंसोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला लागली. आजोबांबरोबर कुणी काढला नाही.

मला तर अंगात संचारल्यासारखं झालं. येळवशीच्या दिवशी पहाटे अंगणातली चूल पेटवली आणि जावेला दाखवून दाखवून भगुन्याच्या बुडाला राखमातीचा लेप दिला. "हे बघ, असा लेप दिला म्हंजी काजळी धरत न्हाई. तुमच्याकडं सूर्यफुलांना लागत नसंल." ती दुलईची घडी घालत बसली. मला बरं वाटलं. मग मी आत डोकावले. माझं तोंड दिसलं, आरशात दिसावं तसं. मी पदर सारखा केला, केस मागं घेतले, आणि तूर ओतली.

इथं जरा थांब. मी चाळीस वर्षं सांगत आलेय की पितळेत आंबट शिजवायचं तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर पाहिजे, नाहीतर कळकतं, खाण्याजोगं राहत नाही. तुझ्या आईला सांगितलंय, जावेला सांगितलंय, शेजारणीच्या सुनेला तिनं न विचारता सांगितलंय. कल्हई पांढरी असते. आणि त्या बाईनं, म्हणजे मी, आतून पिवळंधमक भगुनं बघितलं आणि केस सारखे केले.

चव बघता येत नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय भज्जीला जीभ लावायची नाही. चिंच घातली, उकळी आली, वास तर असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा बसून राहिली. ट्रॅक्टरमध्ये घालून शेतात नेलं. आंबिलीचं मडकं घोंगडीत गुंडाळून आजोबांच्या डोक्यावर, त्यांची मान यंदा फार दुखत होती, ते त्यांनी वाटेत सहा वेळा सांगितलं. पूजा झाली, शेताला फेरी मारून आंबील शिंपडली, आरती, मग आणखी एकाचा फोटो राहिला म्हणून परत आरती. तोवर सूर्य डोक्यावर. भज्जी पहाटेपासून भगुन्यात.

पंगत बसली. पहिला घास दिरानं घेतला. आईच्या आठवणीनं त्याचे डोळे आधीच ओले होते. चघळला, थांबला, पाणी प्यायला.

"वैनी, चिंच यंदा कुठली हाय?"

"घरचीच. का?"

"न्हाई, इचारलं."

तुझे आजोबा असे आडून बोलत नाहीत. म्हणाले, "तांब्याचा पैसा तोंडात धरल्यावानी लागायलंय. खाऊ नका रे कुणी."

चाळीस हातांतले घास एकदम खाली. मी म्हटलं, चुका जून असंल. मग म्हटलं, लसणाला वास हाय. मग चिंचेवर ढकललं. जाऊ शांतपणे उठली, भगुन्यात डोकावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणूनच मी वापरत न्हवते. ह्या जुन्या भांड्यांचं वय झालं आता. शोला ठिवावं, हात जोडावा. मी परत घेऊन जाते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनं झालंय, बरोबर आहे, जीव थोडाच घालवायचाय. तुझा काका म्हणाला, काचेचं कपाट करू त्याला, लाईट लावू आत.

मी काठाकडं बघितलं. भज्जीला कडेनं हिरवट झाक आली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि बाकी कुणाच्याच डोक्यात पडला नव्हता, हेही मला दिसलं. मी गप्प बसले असते तर चिंच बदनाम झाली असती, चुका बदनाम झाला असता, भगुनं म्हातारं ठरलं असतं, माझं नाव कुठंच आलं नसतं. फक्त भगुनं सूर्यफुलांकडं परत गेलं असतं, आता कायमचं. बोलले असते तर चाळीस माणसांपुढं, ज्यांच्या प्रत्येकाच्या भाजीत मी कधी ना कधी खोड काढलेली आहे, त्यांच्यापुढं नाक कापलं जाणार.

मी दोनदा पाणी प्यायले. मग म्हटलं, "भगुन्याचा दोष न्हाई. आतली कल्हई गेलेली हाय. मी बघितलं न्हाई."

  मग जाऊ म्हणाली, "अक्का, म्हंजी तुमचं चुकलं?"

"हाव."

"परत एकदा म्हणा. मी मोबाईल काढते."

तिचं हसू फुटलं आणि मग पंगतच्या पंगत हसली. तुझी आई तर ताट बाजूला ठेवून हसली, तिच्या पंचवीस-तीस वर्षांच्या भाज्यांचं तिनं एका दमात वसूल केलं. हसून हसून जावेच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिच्याही तोंडून निघालं. पॉलिशवाल्यानं तिला विचारलं होतं, बाई, आतला पांढरा थर काढू का. ही म्हणाली, काढ की, मळ असंल.

म्हणजे तिनं कल्हई मळ समजून काढली आणि मी पितळ आरसा समजून वापरलं. सासूबाई असत्या तर दोघींना त्याच भगुन्यात उभं केलं असतं.

भज्जी बांधाकडेला खड्डा करून पुरली. चाळीस माणसं उपाशी. पण येळवशीला आपल्याकडं कुणी उपाशी राहत नाही, वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून बसवतात. आम्ही तर ओळखीचे. पांगलो चार शेतांत. नऊ वर्षं मी शेजारच्या शेतवालीच्या भज्जीला पाणचट म्हणत आले. त्या दिवशी तिच्याच खोपीत मांडी घालून बसले. तिनं वाढताना विचारलं, "काकी, पाणचट तर न्हाई झाली?" मी म्हटलं, अजून वाढ.

मी आणि जाऊ एकाच ताटात जेवलो, ताटं कमी पडली म्हणून. दुसऱ्या भाकरीला ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरी झाली बघा हिची."

"गप जेव."

"भगुनं ठिवून घ्या तुम्ही. कल्हई करा. पण पुढच्या येळवशीला आत डोकावणार मी, आणि चिंचबी मीच घालणार."

मी लगेच हो म्हटलं. ती सूर्यफुलं आता कशात ठेवणार हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण त्या दिवशी माझ्या तोंडानं पुष्कळ काम केलं होतं.

दोन दिवसांनी निलंग्यातल्या कल्हईवाल्या चाचांकडं नेलं. म्हातारे आहेत, दिवसाला दोन भांडी आली तर नशीब. त्यांनी आत हात फिरवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला जावेचं नाव सांगावंच लागलं. "अक्का," ते म्हणाले, "ऐन थंडीत लेकराची दुलई काढून झोपवल्यावानी केलंय की हो." मग भगुनं भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, धुराचा लोट उठला, कथील फिरवलं आणि कापसाच्या बोळ्यानं सरसर पुसत नेलं. आतून चांदणं पडल्यासारखं पांढरं झालं. मी आत डोकावले. तोंड दिसलं, पण धुरकट. तेवढंच बरं.

तर ऐक, हॉलसाठी भगुनं मिळणार नाही. फार तर पावणेचारचं घड्याळ ने, आजोबांना मी समजावते. भोगी आता तोंडावर आलीय. भोगीची भाजी, तिळाची बाजरीची भाकरी, आणि शेतात अजून हुरडा आहे. नांदेडची आजीही येणार आहे, आत डोकावून बघायला. भाजी पहिल्यांदा ह्या कल्हईत करायची आणि दोघी म्हाताऱ्यांचं एकमेकींवर भरवसा ठेवून भागत नाही, तिसरं कुणीतरी बघायला पाहिजे. लातूरपर्यंत रेल्वेनं ये, पुढं एसटी आहे, आजोबा स्टँडवर येतील, मान दुखतेय म्हणतील, तरी येतील. लवकर ये, बाळ.