कैचीकाकांचं बहुकोनी हाड

कैचीकाकांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नसे. बाजाराच्या मागच्या बाजूला त्यांचं सलून होतं. आत दोन आरसे, दोन खुर्च्या आणि भिंतीलगत एक बाक. एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसायचं, दुसरीवर जुन्या वर्तमानपत्रांची चळत. कापणारे काका एकटेच, त्यामुळे दुसऱ्या खुर्चीला कधी काम पडलंच नाही.

काकांची सवय अशी, की दोन कापांच्या मधे कैची हवेतच कच्‌कच्‌ चालवत राहायचे. तोंडही तसंच चालायचं. गिऱ्हाईक येवो न येवो, सलूनमध्ये शांतता अशी नसायचीच.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या घरातली सगळी झाकणं गच्च बसायला लागली. बरणीचं झाकण, तेलाच्या बाटलीचं बूच, डब्याची कडी, काही उघडेना. "हल्लीचा माल असलाच," काका कुरकुरायचे. चार-पाच दिवस काकूंनी ऐकून घेतलं. मग एका सकाळी त्यांनी तीच बरणी दोन बोटांनी फिरवली आणि उघडून काकांच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, झाकणं ठीक आहेत. अंगठा दाखवा तुमचा."

अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. कैची दाबली की तिथून कळ थेट कोपरापर्यंत जायची, आणि काका ती कुणाला न सांगता गिळत होते. काकूंनी त्यांना त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "हे बघा काका, अंगठा मनगटाला मिळतो तिथलं हे छोटं हाड. आता त्याला दुसरं नाव आहे, पण जुन्या पुस्तकांत याला बहुकोनी हाड म्हणायचे."

"बहुकोनी?"

"सगळ्या बाजूंनी कोपरेच कोपरे. खडीचा तुकडा असतो ना, तसं. त्याच्यावर अंगठा खोगिरासारखा बसतो, म्हणून तर तो इतका फिरतो. तुमचं खोगीर झिजलंय. महिनाभर कैचीला हात लावायचा नाही."

"म्हणजे हात आखडता घ्यायचा."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी हाताला पट्टा बांधला.

वाटलं होतं, काका खचतील. पण ते घरी आले ते खुशीतच. दुखण्याला नाव मिळालं होतं, आणि नावही काय झोकदार! भेटेल त्याला ते पट्टा दाखवायचे. "आतमध्ये बहुकोनी हाड आहे. तुमच्याही हातात आहे बरं का! इतकी वर्षं लोकांची डोकी फिरवली, आणि शेवटी माझ्याच अंगठ्यानं मला अंगठा दाखवला."

घरात बसवेना म्हणून ते सलून उघडून नुसतेच बसू लागले. तिसऱ्या दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे निवृत्त भाषाशिक्षक, काकांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक.

"उद्या भाचीचं लग्न आहे. तेवढं नीट करून दे."

"मास्तर, हात..."

"डावा आहे ना?"

काकांनी डाव्या हातात कैची धरली. सुरुवात बरी झाली. मग उजवीकडे थोडं जास्त गेलं, म्हणून डावीकडे थोडं घेतलं, मग मागे एक पायरी पडली, ती बुजवायला गेले तर दुसरी पडली. शेवटी काकांची बडबड बंद झाली, तेव्हा मास्तरांना काय ते कळलं. त्यांनी चष्मा लावून आरशात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"राग आला?" काकांनी हळूच विचारलं.

"शब्द शोधतोय," मास्तर म्हणाले. "अस्र म्हणजे कोपरा. तीन कोपऱ्यांचं ते त्र्यस्र. चार कोपऱ्यांचं चतुरस्र. तेच झिजून झिजून आपला चौरस झालं. माणूस सगळ्या बाजूंनी तयार असला, की त्यालाही चतुरस्र म्हणतात. पण हे त्यापलीकडचं आहे. हे बह्वस्र."

"ब... काय?"

"बहु आणि अस्र. बह्वस्र. तुझं बहुकोनीच, पण सोवळ्यातलं. बोलताना कुणी वापरत नाही. वापरायची वेळच कुणावर आली नव्हती, आजपर्यंत!"

दोघे हसत असतानाच काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, डबा खाली ठेवला, हात धुतले आणि काकांच्या हातातून कैची काढून घेतली. शेजारपाजारच्या पोरांचे केस त्या वर्षानुवर्षं घरी कापत होत्या. काका त्याला आजवर "घरगुती काम" म्हणायचे.

काकूंचा हात सावकाश चालायचा. हवेत एकदाही कच्‌ नाही. त्या थांबल्या त्या पायऱ्या बुजवून, कडा मोडून, मानेवर ब्रश फिरवूनच. मास्तर दुसऱ्या दिवशी लग्नात असे मिरवले, की दोघा-तिघांनी त्यांना सलूनचा पत्ता विचारला.

अशा रीतीनं महिनाभर काकूंनी सलून चालवलं. एक-दोन जण दारातून आत डोकावले आणि काकू दिसल्यावर "नंतर येतो" म्हणून सटकले. बाकीचे बसले. पुढच्या आठवड्यात आया पोरांना घेऊन आल्या, आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "माझेही कापाल का हो?"

काका बाकावर. स्वतःच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या बाकावर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते टोचत होतं. गिऱ्हाईक जाताना काकूंना "छान झाले" म्हणायचं, तेव्हा ते वर्तमानपत्रात डोकं घालायचे. पण एकदा एका माणसाच्या टाळूवर दोन भोवरे निघाले. काकूंनी कंगवा इकडून फिरवला, तिकडून फिरवला.

"अहो, जरा इकडे या. हे काही वळेना."

काका उठले. "भोवऱ्याशी भांडायचं नाही. तो जिकडे फिरतो तिकडेच जायचं आणि शेवटी त्याला फसवायचं. कैची अशी धर. हां, आणखी आडवी."

त्या दिवशी काका परत बाकावर बसले नाहीत.

महिन्यानं पट्टा निघाला. दुखणं पुष्कळ कमी झालं होतं, पण पहिल्यासारखं काम नको, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. काकांनी लगेच मान डोलावली. सलूनमध्ये येऊन त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं रद्दीत दिली आणि खुर्ची पुसून काढली. आता दाढ्या काकांकडे, केस काकूंकडे.

शब्द मात्र गल्लीत राहिला. मास्तरांचं "बह्वस्र" फक्त मास्तरांनाच नीट म्हणता येतं. बाकीच्यांचं बहुकोनीवर भागतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा स्वभाव बहुकोनी, भाड्याच्या खोलीत पलंग बसेना तर खोली बहुकोनी. काकूंना हे पटत नाही. "सरळ वाकडं म्हणा की!" त्या म्हणतात.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काकू काकांच्या मानेकडे बघत म्हणाल्या, "तुमचे किती वाढलेत. बसा."

आजवर काका बाजारापलीकडच्या एका मित्राकडून केस कापून घ्यायचे. ते खुर्चीत बसले, काकूंनी गळ्याभोवती कापड बांधलं. काकांनी दोन सूचना केल्या, तिसरी तोंडात आली होती. पण कंगवा डोक्यावरून फिरायला लागला आणि त्यांचे डोळे मिटले. मी दाढीसाठी आत शिरलो, तेव्हा काका घोरत होते. काकूंनी ओठांवर बोट ठेवून मला बाकाकडे खूण केली.