मोतीराम मास्तरांची पोवळी

कुणी कुत्रं पाळतं, कुणी पोपट. मोतीराम मास्तरांनी दगड पाळले. नाशिक रोडच्या कॉलनीत त्यांची एवढीच ओळख होती, आणि ती त्यांना मुळीच मान्य नव्हती. दगड नव्हे, जनावरं आहेत ती, असं ते भेटेल त्याला सांगायचे. भिंगातून पाहावीत इतकी बारकी जनावरं, तीच आपल्या अंगाभोवती हा दगड बांधतात. ऐकणारा मान डोलवायचा आणि घरी जाऊन बायकोला म्हणायचा, मास्तरांचं काही खरं नाही.

मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मखमलाबादला झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरात शिकलेले ते एकटेच. समुद्र पाहिला तो बी.एड.च्या सहलीत, आणि पाहिला तो डोक्यात जाऊनच बसला. सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका मासेवाल्याकडून त्यांनी जिवंत पोवळी आणली. बैठकीत काचेची मोठी टाकी आली आणि सोफा गॅलरीत गेला.

या पोवळ्यांचे नखरे म्हणजे लग्नातली वरमाय परवडली. पाणी जरा गरम झालं की मलूल, मीठ कमी-जास्त झालं की मलूल, लाइट गेली आणि पाणी हलायचं थांबलं की संपलंच. उन्हाळ्यात बेडरूममधला कूलर टाकीकडे वळला. मास्तरांच्या पत्नी सुवर्णाबाई म्हणाल्या, "पुढच्या जन्मी मी दगडच होते, म्हणजे वारा तरी लागेल." कूलरही पुरेना, तेव्हा मास्तरांनी भंगारातल्या फ्रिजचं मशीन आणि नळी काढली, नळी गोल वळवून टाकीत सोडली आणि घरच्या घरी थंडगार समुद्र केला. त्या यंत्राचा त्यांना पोवळ्यांपेक्षा जास्त अभिमान होता. संध्याकाळी दिवे मंद केले की त्या दगडांवर इवली इवली बोंडं उमलायची आणि मास्तर समोर मांडी घालून बसायचे. एवढं सुख त्यांना दुसऱ्या कशातच नव्हतं.

घोटाळा झाला तो मराठी भाषेमुळे. एकदा स्टाफरूममध्ये त्यांच्या तोंडून 'पोवळं' हा शब्द गेला. पोवळं म्हणजे मंगळाचा खडा, हे नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुढच्याच मंगळवारी शेजारच्या नवसाबाई आपल्या मंगळ असलेल्या मुलीला घेऊन दारात उभ्या. अंगठीतल्या खड्याने लग्न जमतं, तर जिवंत पोवळ्याच्या दर्शनाने काय होईल? मास्तरांनी मंगळ पृथ्वीपासून किती लांब आहे यावर तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. नवसाबाईंनी ते भक्तिभावाने ऐकलं. महिन्याभरात मुलीचं जमलं.

मग काय, मंगळवारी रांग लागायला लागली. मास्तर शाळेत गेले की सुवर्णाबाई दार उघडायच्या; दारातल्या माणसाला परत कसं पाठवायचं? त्यात ही नाशिकची माणसं, पाणी दिसलं की हात खिशात जाणारच. मास्तरांनी टाकीवर पाटी लावली, 'कृपया पाण्यात नाणी टाकू नयेत.' त्या पाटीने लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली. पाटी आहे म्हणजे देवस्थानच.

एप्रिलात पोवळी टोकांकडून पांढरी पडायला लागली. मास्तरांना अन्न गोड लागेना. शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं, तर त्यात तांबं निघालं, आणि तांबं म्हणजे पोवळ्यांना विष. त्यांनी सगळी वाळू चाळली. तांब्याचं नाणं एकही सापडलं नाही. तेवढ्यात त्यांची नजर टाकीवरच्या खिडकीकडे गेली. त्यांच्या आई, लंकाबाई, संक्रांतीपासून त्यांच्याकडेच राहायला होत्या. रोज सकाळी त्या खिडकीतून त्या सूर्याला पाणी द्यायच्या, तांब्याच्या गडूने.

"आई, यात पाणी सांडलंस का तू?"

"सांडलं असंल थेंबभर," लंकाबाई म्हणाल्या. "चांगलं असतं बाबा तांब्यातलं पाणी."

"तू मारलीस माझी पोवळी," मास्तर म्हणाले. "अडाणी माणसाने शिकलेल्याच्या घरात राहूच नये."

हे ते सुवर्णाबाईंसमोर बोलले, दारात उभ्या असलेल्या नवसाबाईंसमोर बोलले. लंकाबाईंनी पिशवी भरली आणि दुपारच्या बसने मखमलाबाद गाठलं.

खिडकी बंद झाली, पाणी बदललं, तरी पोवळी मरतच राहिली. मे महिन्यात मास्तरांनी यंत्र साफ करायला बाहेर काढलं. फ्रिजची नळी तांब्याची, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर तिला स्वतःच्या हाताने रंगाचे जाड थर दिले होते. खाऱ्या पाण्याने त्या रंगाचे पोपडे सुटले होते आणि खाली नळी हिरवीगार पडली होती. तांबं गंजलं की हिरवं होतं, हे मास्तर दरवर्षी वर्गात शिकवायचे. नळी हातात धरून ते खाली फरशीवर बसले. पोवळ्यांचं दुःख बाजूला राहिलं. आईला आपण काय बोललो याची त्यांना इतकी लाज वाटली, की सुवर्णाबाईंकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते मखमलाबादला गेले. लंकाबाई ओट्यावर झेंडूचे हार ओवत होत्या. लेकाला पाहताच त्यांनी विचारलं, "जगलं का रे एखादं?"

"एक आहे. आई, चूक माझी होती. तांबं माझ्याच यंत्रात होतं. तुझ्या पाण्याने काही झालं नाही."

लंकाबाई हसल्या. "ऱ्हाऊ दे. माझं मन राखायला खोटं नको बोलू."

"खोटं नाही गं."

"तू एवढा शिकलेला. तुझ्या हातून अशी चूक व्हईल व्हय?"

मास्तरांनी पिशवीतून नळी काढली, हिरवे डाग दाखवले, पोपडे दाखवले, वर्गात समजावतात तसं सगळं समजावलं. लंकाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "केवढा खटाटोप केलास रे माझ्यापायी. पण मी नाय यायची आता तिकडं. परत माझ्या हातून कायतरी व्हायचं."

मास्तर विनवण्या करून थकले. निघताना लंकाबाईंनी त्यांना बजावलं, "आन हे असलं कुणाला सांगत बसू नको. लोक म्हणतील, मास्तरला काय येत नाय."

मास्तरांची पोवळी त्यांच्या आईने मारली, असं कॉलनीत अजूनही सांगतात. मास्तर ऐकून घेतात. आईचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही.